एकदा ‘नको’ म्हटलं की संपलं

परदेशाहून परतले तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. खरंच. पण आमच्या नर्सेस क्वार्टर्समध्ये संध्याकाळचा चहा झाला की कुणी ना कुणी विचारणार, ‘तिकडे भाजी कशी मिळते गं?’ मग भाजीवरून बाजार, बाजारावरून बस, असं एकेक निघत गेलं. आता इतकं साठलंय, की मेट्रनबाई परवा म्हणाल्या, “शालिनी, तू सहा महिने गेली होतीस की सहा वर्षं?”

आधीच सांगून टाकते, आयफेल टॉवर मी पाहिलेला नाही. मी पॅरिसला नव्हतेच. फ्रान्समध्येच, पण ल्यों नावाच्या शहरात होते. पोलिओ झालेल्या मुलांचे व्यायाम कसे घ्यायचे ते शिकायला आमच्या नगरच्या हॉस्पिटलनं मला एकटीला पाठवलं होतं. तोवर माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पासपोर्टसाठी केलेली मुंबई. तिकडे मी एका म्हाताऱ्या विधवाबाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. त्यांचं नाव मादाम वियाल. त्यांना मोडकं इंग्रजी यायचं, मलाही मोडकंच यायचं, म्हणून आमचं छान जमलं. दोघींपैकी एकीला जरी नीट आलं असतं तरी पंचाईत झाली असती!

*

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेले. आपल्याकडे दुकानात गेलं की सरळ ‘अर्धा शेर साखर द्या’ म्हणतो, तशी मी काचेतल्या पावाकडे बोट दाखवून उभी राहिले. दुकानातली बाई माझ्याकडे बघेचना. मला वाटलं साडीमुळे असेल. मी पदर सारखा केला, पुन्हा बोट दाखवलं. ती आपली फडक्यानं काउंटर पुसतेय.

माझ्यामागून एक आजोबा आले. ते आधी ‘बाँझूर मादाम’ म्हणाले, आणि बाई एकदम उमलल्या. पाव, गप्पा, हसणं, सगळं झालं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की इथे आधी रामराम केल्याशिवाय माणूस दिसतच नाही. मी म्हटलं, “बाँझूर मादाम!” मला पाव मिळाला, शिवाय हसूही मिळालं.

झालं. मला वाटलं, शहर जिंकलं. बसमध्ये चढले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ‘बाँझूर’ घातलं, आपण गावच्या जीपमध्ये चढताना घालतो तसं. पन्नासएक माणसं खिडकीबाहेर बघायला लागली. ड्रायव्हरनं मात्र आरशातून माझ्याकडे बघत टोपीला हात लावला. पुढे सहा महिने त्या बसला मी रोज बाँझूर घालत राहिले. शेवटीशेवटी मागच्या बाकावरच्या दोन बायका मान हलवायच्या. तेवढं पुष्कळ झालं.

*

मी निघाले त्या साली आपल्या सीना नदीत नुसती वाळू होती आणि पाथर्डीकडे आमच्या गावच्या विहिरीत दगड. टँकर आला की आई शाळेतून वडिलांनाही हंडा घेऊन बोलवायची. मुख्याध्यापक असले म्हणून काय झालं.

अशा मुलखातली मी, ल्योंमध्ये एका सकाळी हॉस्पिटलला निघाले, तर फुटपाथच्या कडेनं स्वच्छ पाणी वाहतंय. थोडंथोडकं नाही, खळखळ! कुठेतरी नळ फुटलाय म्हणून मी उलटी चालत गेले. चौकात फुटपाथच्या कडेला एक भोक, आणि त्यातून पाणी उसळतंय. शेजारीच चिंध्यांची घट्ट बांधलेली गुंडाळी पडली होती. मी साडी खोचली, खाली बसले आणि ती गुंडाळी भोकात कोंबली. पाणी थांबलं नाही, पण कमी झालं. मी वर पाय देऊन उभी राहिले, कुणीतरी येईपर्यंत.

आला तो झाडूवाला. लांबूनच ओरडत आला. ते पाणी त्यानंच सोडलं होतं, रस्ता धुवायला! रस्ता, पिण्याच्या पाण्यासारख्या पाण्यानं! मी पाय काढेना. अस्सल मराठीत त्याला सांगितलं, “अहो, आमच्याकडे बायका एका हंड्यासाठी दिवस घालवतात.” त्याला काय कळलं देव जाणे, पण तो ओरडायचा थांबला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, “अल्जेरी.” म्हणजे अल्जेरिया. मग दोन्ही हातांनी भेगाळलेली जमीन दाखवली आणि आभाळाकडे बघून मान हलवली. तोही कोरड्या मुलखातलाच निघाला. मी पाय काढला.

त्यानंतर मला बघितलं की तो आधी पाण्याचा जोर कमी करायचा आणि मी वळणाआड गेले की पुन्हा वाढवायचा. मला ते माहीत होतं. तरी बरं वाटायचं.

*

आता जेवणाचं. हे सगळ्यांना फार आवडतं, कारण यात माझी फजिती आहे.

पहिल्या संध्याकाळी मादाम वियालांनी मला टेबलाशी बसवलं. सूप झालं, पाव झाला, मग दूध-चीज घालून भाजलेल्या बटाट्याच्या चकत्यांचं एक भांडं आलं. वास असा, की पोटात खड्डा पडला. एकदा वाढलं, मी खाल्लं. पुन्हा भांडं पुढे करून त्यांनी भुवया उंचावल्या. मी अर्थातच म्हटलं, “नो, नो, थँक यू.”

त्या म्हणाल्या, “बाँ,” म्हणजे ‘बरं’. आणि भांडं घेऊन आत गेल्या. कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

मी बसून राहिले. वाटलं, परत आणतील. आमच्या आईचा याबाबतीत कायदाच आहे. ती म्हणते, “मानूस पयल्यांदा न्हाई म्हनतो ते लाजंपायी. दुसऱ्यांदा म्हनतो ते रितीपायी. तिसऱ्यांदा म्हनला, तर मग पोट भरलं समजायचं.” या कायद्यात वाढलेली मी पहिल्याच ‘नको’वर अर्धपोटी उठून खोलीत गेले आणि आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. लाडू संपेपर्यंत हाच प्रकार चालला. ते संपले त्या दिवशी मादामनी भांडं पुढे केलं आणि मी दोन्ही हातांनी ताट उचलून धरलं. लाज वाटली. पण पोट भरलं.

*

मादामना एकच मुलगा होता, आंद्रे. चाळिशीचा, नदीपलीकडे कुठल्याशा कचेरीत कामाला. एकटाच राहायचा. दर रविवारी दुपारी तो आईकडे जेवायला यायचा. मादाम शनिवारपासून तयारीला लागायच्या. टेबलक्लॉथला इस्त्री, कोंबडी आणायला लांबच्या दुकानात जाणं, सगळं.

आणि तो यायचा, आईच्या दोन्ही गालांना गाल लावायचा आणि अंगातला कोट न काढता जेवायला बसायचा. कोट घालूनच! आपल्याकडे पोस्टमनसुद्धा ओट्यावर टेकला तर टोपी काढतो. एकदा वाढलेलं खायचा, आईनं विचारलं की ‘नाँ, मेर्सी, मामाँ’, म्हणजे ‘नको, थँक यू, आई’ म्हणायचा, आणि कॉफी संपता संपता निघालेला असायचा. मग मादाम उरलेली कोंबडी सोमवार-मंगळवार एकट्या खात बसायच्या. मला फार वाईट वाटायचं. मुलगा वाईट नव्हता. आईही वाईट नव्हती. पण त्या टेबलाशी बसलं की बसस्टँडवर बसल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, असं मी ठरवून गेले होते. ते जेमतेम महिनाभर टिकलं. एका सोमवारी मी विचारलंच, “तुम्ही त्याला पुन्हा वाढत का नाही?”

“तो नको म्हणाला.”

“एकदाच म्हणाला!”

मादामनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मादमोआझेल, इथे एकदा पुरतं. मोठा माणूस आहे तो. त्याला हवं असेल तर तो सांगेल.”

“आणि त्याला तुम्ही विचारावं असं वाटत असेल तर?”

मादाम टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा करायला लागल्या. मी जीभ चावली आणि भांडी घासायला उठले.

*

मध्येच बाजाराचं सांगते, नाहीतर राहून जाईल. नदीकाठी तिथे भाजीबाजार भरतो. पहिल्याच दिवशी मी टोमॅटो दाबून बघितला, तर भाजीवाल्यानं माझ्या हातातून तो काढून घेतला. तिथे गिऱ्हाइकानं भाजीला हात लावायचा नसतो, तो देईल ती घ्यायची. मला अपमान वाटला. न दाबता टोमॅटो घेणं म्हणजे न बघता लग्न करणं!

पण त्यानं दिले ते चांगले निघाले. पैसे दिल्यावर माझा हात आपोआप पुढे गेला, पिशवीचं तोंड उघडून. आपण नाही का, सगळी भाजी घेतल्यावर वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागतो, तसा. गेला खरा, आणि मग मीच चपापले. याला काय कळणार?

त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मागच्या टोपलीतून कोथिंबिरीसारख्याच एका पाल्याची जुडी उचलली आणि पिशवीत टाकली. फुकट! मी नदीच्या पुलावरून घरी अक्षरशः गात आले.

*

इथून निघताना आईनं मला ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी गिळता गिळवत नसे. आईनं माझ्यासाठी कुठून तरी पांढरी ज्वारी पैदा केली होती. “खुशाल खा,” म्हणाली, “हितं आमी बघतो आमचं.” म्हणून ते पीठ उघडायचा मला धीरच होत नव्हता. शेवटी कडवट व्हायला लागलं, तेव्हा एका शनिवारी मी मादामना म्हटलं, आज मी वाढणार, तुम्ही बसायचं.

परात नव्हती. मी सरळ लाकडी टेबलावर भाकरी थापायला घेतली. थप थप थप! तिसऱ्या भाकरीला दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे म्हातारे मसिये आले होते, लालबुंद होऊन. त्यांच्या डोक्यावर कोण सुतारकाम करतंय असं त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना हात धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. गरम भाकरी, तिच्यावर लोणी, कडेला मिरचीचा ठेचा. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते उठले नाहीत. वाद तिथेच संपला.

दोघांनाही मी आईच्या कायद्यानं वाढलं. मादाम ‘नाँ, मेर्सी’ म्हणाल्या, मी मराठीतच म्हटलं, “अजून थोडं,” आणि वाढलं. त्यांनी ताटावर हात धरला, मी हात बाजूला केला, “अजून थोडं,” आणि वाढलं. जेवण संपेपर्यंत माझ्या तोंडी दुसरं काही नव्हतंच.

मसिये गेल्यावर मला भीती वाटली, की जास्त झालं. मी माफी मागितली. मादाम रिकाम्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, “माझी आई गेल्यापासून मला वाढायला असं कुणी मागे लागलं नव्हतं.” मग उठून त्यांनी टेबल पुसून घेतलं, नेहमीसारखं.

*

आणि हा शेवटचा रविवार. मंगळवारी माझं विमान होतं.

मादामनी त्याच बटाट्याच्या चकत्या भांडंभर केल्या होत्या, माझ्यासाठी. शिवाय सायीतली कोंबडी. आंद्रे आला, आईच्या गालांना गाल लावले, कोटासकट बसला. मला त्यानं इंग्रजीत चांगल्या प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या. आम्ही जेवलो. त्याचं ताट रिकामं झालं, तसं मादामनी भांडं पुढे करून विचारलं.

“नाँ, मेर्सी, मामाँ.” त्यानं घड्याळाकडे बघितलं.

मादाम ‘बाँ’ म्हणाल्या आणि भांडं घेऊन आत निघाल्या. मी पाण्याचा जग भरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. मी बाजूला झाले नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच झाले नाही.

त्या तशाच वळल्या. मुलाच्या खुर्चीशी गेल्या आणि डावभर बटाटे त्याच्या ताटात घातले.

“अजून तोडं,” त्या चक्क मराठीत म्हणाल्या.

“मामाँ?” त्यानं ताटावर हात धरला.

मादामनी तो हात मनगटाशी धरून बाजूला केला. थोडी साय टेबलक्लॉथवर सांडली. “अजून तोडं,” म्हणाल्या, आणि कोंबडी वाढली.

आंद्रेनं ताटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. आणि तो उठून उभा राहिला. मादामचा डाव हवेतच राहिला. मला वाटलं, आता हा निघाला, आणि हे सगळं माझ्यामुळे झालं.

त्यानं एकेक करून कोटाची बटणं काढली. कोट उतरवला, खुर्चीच्या पाठीला अडकवला, आणि पुन्हा खाली बसला.