बसव्वानं निवडलेला भोई

रंगाच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, तळाशी वाळलेले डबे आणि किस्से. डबे मी केव्हाच टाकून दिले. किस्से काही टाकवत नाहीत.

पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षांत बीदरला आमचं तसबिरींचं दुकान होतं. शिवलिंगअण्णा मालक, जोडीला इस्माईलभाई आणि मी. गाव सोडून जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानातून अण्णांनी एक जाडजूड पुस्तक मिळवलं होतं. जुन्या काळी गोऱ्या चित्रकारांनी आपल्याकडची माणसं समोर बसवून रंगवली, त्या चित्रांचे छापे त्यात होते. नबाब, मुनशी, दुभाषे, पालखीचे भोई. छाप्यावर चौकटी आखून आम्ही तेच कॅनव्हासवर मोठं करायचो. पडदे आणि आभाळ माझं, कपडे-दागिने इस्माईलभाईंचे. तोंडाला मात्र अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पहिल्याच महिन्यात मी दिवे लावले. मूळ चित्राला वयानं पडलेल्या भेगा छाप्यातही उतरल्या होत्या. मी केसाएवढ्या ब्रशनं दोन दिवस खपून त्या हुबेहूब काढल्या! गिऱ्हाईक म्हणालं, नवी तसबीर तडकली कशी?

अण्णा म्हणाले, "साहेबाच्या चित्राला दीडशे वर्षं लागली. ह्यानं दोन दिवसांत केलं."

\*

नबाबाला एके काळी फार मागणी. निजामशाही गेली तशी तीही गेली. कचेरीतल्या एका अधिकाऱ्याला भिंतीवर भारदस्त माणूस हवा होता, पण तलवार नको. इस्माईलभाईंनी तलवारीची काठी केली. पुढच्या गिऱ्हाइकाला शिकलेला माणूस हवा होता, मग काठीचं पुस्तक झालं.

"अब नबाब कू नौकरी लगाना बाकी है," इस्माईलभाई म्हणाले.

\*

अशात एक दिवस राजेश्वर गावाहून बसव्वा आली. नवरा तापानं गेला तेव्हा मुलगा पोटात होता. आता त्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि अक्षता पडताना बापाची तसबीर भिंतीवर असावी, एवढाच तिचा हट्ट. फोटो एकही नव्हता.

"त्यांचं तोंड आता माझ्या एकटीच्याच डोळ्यांत हाय," ती म्हणाली. "मी गेले की तेबी गेलं."

अण्णांनी पुस्तक पुढं सरकवलं. जवळपासचा चेहरा दाखव, बाकीचं मी बघतो, म्हणाले. बाप-आजा काढून घ्यायला येणारे सगळे नबाबाच्या तोंडावरच बोट ठेवायचे. बसव्वानं पानं उलटत नेली आणि साहेबाच्या पालखीमागचा, बाजूनं दिसणारा, मान खाली घातलेला भोई दाखवला.

"अक्का, ह्योच कामून?" अण्णांनी विचारलं.

मग तिनं सांगितलं. चार वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर उभं राहून तोंड बघायची सोय नव्हती. तो मान खाली घालून जेवायचा, ही दाराआडून बघायची. आणखी भाकरी हवी का, हेसुद्धा सासूला विचारायला लावायची. बाजूचं तोंड तेवढं तिला पाठ होतं.

त्यानंतर ती दर बाजारच्या दिवशी पहिल्या बसनं यायची. कान मोठा झालाय. हनुवटी अशी नव्हती. अण्णा मुकाट्यानं तोंड पुसायचे आणि पुन्हा सुरू. चार वेळा पुसलं. मी म्हणालो, अण्णा, आता पुरे, तिला तरी नीट कुठं आठवतंय. ते माझ्यावर असे उखडले की विचारू नका.

"ती यायची थांबली न्हाई, मग मी कामून थांबू?"

\*

त्याच दिवसांत आमच्या मुनशीला एका बसवभक्त व्यापाऱ्यानं आजोबा म्हणून नेलं. अण्णांनी कपाळी भस्म लावलं, गळ्यात लिंग घातलं, तसबिरीला हार चढला. चार दिवसांनी इस्माईलभाईंचा घास हातातच राहिला. जुन्या चालीत अंगरख्याचा बंद हिंदू डावीकडं बांधायचे, मुसलमान उजवीकडं. छाप्यातला बंद उजवीकडं होता आणि त्यांनी तो तसाच काढला होता.

ब्रश घेऊन ते सायकलवरनं थेट व्यापाऱ्याच्या घरी. स्टुलावर चढून बंद बदलायला लागले. काय चाललंय, असं व्यापाऱ्यानं विचारलं.

"कुछ नक्को घबराओ. दादाजींचे कपडे नीट करायलोय."

\*

बसव्वाच्या मुलाचं लग्न आठवड्यावर आलं. अण्णांनी पाचव्यांदा तोंड उभं केलं. इस्माईलभाईंनी भोयाच्या डोक्यावर रुमाल बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली. मी पालखी बुजवून मागं साधी मातीची भिंत केली.

ती आली. मी तसबिरीवरचं फडकं काढलं. आता कान की हनुवटी, म्हणून आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत उभे.

बसव्वानं एकदाच बघितलं. पदर कपाळावर ओढला आणि मागं सरत सरत दाराच्या चौकटीआड गेली. तिथनंच आतल्या आवाजात म्हणाली,

"अण्णा, आणिक एक भाकर पायजे का, इचारा की."