अक्कांचं बारावं प्रोजेक्ट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसलोय. आजही हसेन. पण हे माझ्या मल्लेश्वरमच्या ऑफिसात, भर दुपारी तीन वाजता घडलं. ज्याला थापा वाटतील त्याने खुशाल वाद घालावा... मी तयार आहे.

माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. एका खोलीतून, स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. बोम्मसंद्र्याची एक कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवते, त्यांच्या टेस्ट आमच्या ऑफिसातल्या वत्सलाअक्कांनी लिहिलेल्या. टेस्टना नावं घरच्या कानडीमिश्रित भाषेत द्यायच्या — 'स्वल्प थांब, मग दार उघड'. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "ही नावं काढून नंबर टाका, वर्षभराचं काम देतो." मी भांडून दोन वर्षांचं घेतलं आणि नावं देऊन टाकली.

अक्का एवढंच म्हणाल्या, "सरी अण्णा, ठीक आहे. माझी नावं एवढी स्वस्त होती का?"

पुढच्याच महिन्यात त्या हार्ट अटॅकने गेल्या. तो राग मी त्या मॅनेजरवर काढत आलोय. खरं तर निम्म्याहून जास्त माझ्यावरचाच आहे.

यंदा नवा बोर्ड आला, बॅटरीवाला. मॅनेजर स्वतः येऊन बसला. "सगळं पास आहे ना? मग सही करा. उद्या माल एका हॉस्पिटलला जातोय."

"सही म्हणजे काय चहा आहे, मागितला की मिळायला?" मी म्हणालो. "रिपॉझिटरीतून टेस्टची सगळी प्रोजेक्ट पुन्हा इम्पोर्ट करतो, तुमच्यासमोर चालवतो. मगच सही."

रिपॉझिटरीत, म्हणजे जिथे सगळ्या टेस्ट नोंदीसकट साठवतो तिथे, प्रोजेक्ट अकरा. इम्पोर्ट झाल्यावर यादीत बारा! शेवटच्याला नंबरच नव्हता. नाव होतं — 'करंट आला तरी स्वल्प थांब'.

"हे काय? आपलं ठरलं होतं!" मॅनेजर भडकला.

मी रन दाबलं. अकरा हिरवी, म्हणजे पास; बारावं लाल. वीज जाऊन बॅटरीवरून परत आली, की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असतानाच दार उघडण्याचा सिग्नल जात होता. मॅनेजरने स्वतःच्या हाताने तीनदा बोर्डची वायर काढून लावली. तीनदा तेच.

मग रिपॉझिटरी उघडली. अकराच. बारावं कुणी घातल्याची नोंद नाही, पुसल्याचीही नाही. पुन्हा इम्पोर्ट केलं — अकरा. राहिला तो फक्त प्रिंटरमधून निघालेला रिपोर्ट. आणि बॅटरीवाला बोर्ड तर अक्कांनी डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "माल थांबवतो. पण रिपोर्टवर नंबर टाका."

"नाही."

"कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय, विसरू नका."

"खुशाल दुसऱ्याला द्या. रिपोर्ट याच नावाने जाईल."

त्याने रिपोर्ट घडी करून खिशात घातला, नावासकट. कॉन्ट्रॅक्टचं त्याने अजून काहीच कळवलेलं नाही.

माझ्या इंजिनिअरांनी कोडच्या जुन्या प्रती, बॅकअप, सगळं धुंडाळलं. ते बारावं कुठून आलं, कुणाला सांगता आलेलं नाही. मलाही नाही... आणि मी कुणाला पटवत बसणारही नाही. पण अक्कांनी दिलेली जुनी नावं रिपॉझिटरीच्या हिस्ट्रीत शाबूत होती. त्याच संध्याकाळी मी अकराच्या अकरा परत घातली.

यावर आता घासाघीस नाही.