शेजारचा आकडा

"आकडा!"

उजव्या हाताचं बोट वर, डावा हात शर्टाच्या खिशावर आणि डोळे आधीच घाबरलेले. आपल्यातलं कुणीतरी हरवलंय ही बातमी जणू सरांना कळलेलीच असायची. कोण हरवलंय, एवढंच विचारायचं बाकी असायचं.

मग आम्ही सुरू व्हायचो. एक! दोन! तीन! हजेरीच्या क्रमाने, पोरं आधी, पोरी नंतर. पोरांतला शेवटचा मी, सतरा. पोरींतली पहिली सुमन, अठरा. असं एकतीसपर्यंत. एकतीस म्हणजे वंदना. तिचा आवाज कुकडी नदीच्या पलीकडे जायचा. तिचं झालं की सर स्वतः हळूच म्हणायचे, "आणि मी बत्तीस." तेव्हा कुठे त्यांचा डावा हात खिशावरून खाली यायचा.

जुन्नरजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. मैदानावर जाताना आकडा, मैदानावरून आल्यावर आकडा, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं तरी आकडा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं जातात आणि परत येऊन ओढून बघतात. आमच्या सरांचं कुलूप म्हणजे आम्ही.

त्यात एक नियम होता. कुणी आलं नसेल तर त्याच्या आधीच्या नंबराने सांगायचं, तो कुठे आहे. "नऊ तापानं झोपलाय, सर." "चौदा मामाच्या गावाला गेलाय." 'माहीत न्हाई' हे उत्तर चालत नसे. सर म्हणायचे, "शेजारचं माणूस कुठं आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं स्वतःचा आकडा तरी कशाला सांगावा?"

एकदा वंदनाने विचारलं, "मग सर, तुमी नसला तर?"

"तर एकतिसानं सांगायचं, बत्तीस कुठं आहे."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वंदनाला नेमून दिलेलं काम होतं.

ते असे का झाले, याबद्दल गावात तीन अफवा होत्या. त्यातल्या दोन मीच उठवल्या होत्या, आणि तिसरी मला अजून पटत नाही.

आम्ही नववीत असताना, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी निबंध दिला: 'मी केलेला अविस्मरणीय प्रवास'. दुसऱ्या दिवशी ते वह्यांच्या गठ्ठ्यामागे हताश होऊन बसले होते.

"एकाच सुट्टीत एकोणतीस जण महाबळेश्वरला? आणि एकोणतीस जणांना सूर्य तांबूस गोळ्यासारखाच दिसला? अरे, तिथं एकमेकांना भेटलात तरी का?"

आता काय सांगायचं? मंचरच्या पुढे गेलेला वर्गात एकही नव्हता. सगळे गाइडातून महाबळेश्वरला गेले होते. मी तेवढा वेगळा. मी काश्मीरला जाऊन आलो होतो. माझ्या निबंधाखाली सरांचा लाल शेरा होता: 'थंडी वाजली का?'

एकतिसावी वही सुमनची. ती डोंगरातल्या वाडीवरची, शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिने दोनच वाक्यं लिहिली होती. 'मी वाडीवरून वसतिगृहात आले तेवढाच प्रवास केला आहे. त्याच्या दहा ओळी होत नाहीत.'

सरांनी ती वही बराच वेळ मिटलीच नाही. मग म्हणाले, "आपण सहल काढू. नाणेघाट. खरं लिहायचं तर खरं काहीतरी बघायला हवं."

म्हणाले खरे, आणि त्या क्षणापासून त्यांची पाचावर धारण बसली. कडा, माकडं, गांधीलमाश्या, ड्रायव्हरची डुलकी, पोरांच्या उलट्या. यादी वाढतच गेली. वर हेडमास्तरांनी बजावलं, "दिवस मावळायच्या आत एकतीस पोरं गेटात उभी पाहिजेत. एक जरी कमी आलं, तर तुम्ही आत पाऊल टाकू नका." सरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी एसटी निघाली. सरांच्या पिशवीत वीस लिंबं, पुडीभर लवंगा आणि विहिरीचा एक लांबलचक दोर. घाटघरपर्यंत गाडी, पुढे पायी. कड्यापासून बरंच अलीकडे त्यांनी दोर आडवा धरायला लावला. त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. स्वतः दोराच्याही दहा हात मागे, पाठमोरे उभे राहून विचारत होते, "पोरांनो, खाली कोकण आहे. आहे ना?"

"हाये सर!"

"बघितलंत ना? मग चला मागे. आकडा!"

जेवणाच्या वेळी सुमन माझ्याजवळ आली. एरवी पोरीपोरांत बोलायची पद्धत नव्हती. पण माझ्या शेजारचाच तिचा नंबर, त्यामुळे आमचं थोडं जमायचं.

"आई लई आजारी हाये," ती म्हणाली. "बाजाराला आलेल्या काकानं सांगितलं. वसतिगृहातनं सोडत न्हाईत. आमची वाडी हितनं डोंगरानं हाकेवर हाये. तोंड बघून येते."

"आन गाडी?"

"गाडी आमच्या फाट्यावरनंच जाती. मी फाट्यावर हुबी राहते. तू फक्त माझा आकडा म्हण."

आता माझी योग्यता ऐका. गॅदरिंगमध्ये लुगडं नेसून सून, सासू आणि नणंद ही तिन्ही कामं मी एकट्याने केलेली होती. आवाज अजून फुटायचा होता. अशा कलावंताला 'अठरा' म्हणायला सांगणं म्हणजे त्याचा मानच. मी तिच्या जागेवर दोन पिशव्यांवर शाल पांघरून झोपलेली सुमन बनवली. एकोणीस नंबरच्या पोरीला चिंचा देऊन गप्प केलं. गाडीत चढल्यावर सरांनी बोट वर केलं, आणि मी आधी माझ्या आवाजात 'सतरा' आणि मग मान खाली घालून नाजूक आवाजात 'अठरा' म्हणालो. इतका गोड 'अठरा' सुमनलाही कधी जमला नसता.

"आणि मी बत्तीस. चला."

गाडी सुटली. मी खिडकीला नाक लावून फाट्याची वाट बघू लागलो. पहिलं वळण, दुसरं वळण. ऊन कलायला लागलं होतं. पोरांच्या गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. फाटा आला. एक आंब्याचं झाड, एक दगड, एक शेळी. माणूस कुणी नाही.

गाडी पुढे गेली.

असेल, पुढच्या वळणावर असेल. नव्हती. पायवाट रस्त्याला मिळते तिथे असेल. तिथेही नव्हती. झाडी दाट व्हायला लागली. ती वाटेत पडली असेल का? पाय मुरगळला असेल? त्या बाजूला बिबट्याचे ठसे दिसल्याचं सकाळीच ड्रायव्हर सांगत होता. शालीखालच्या पिशव्या गाडीच्या हिसक्याने हलत होत्या. समोर सर बसले होते, मधूनमधून मागे वळून आमच्या डोक्यांवरून नजर फिरवत होते. आज ते खुशीत होते, हे सगळ्यात वाईट. एरवी घाबरलेला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त बसला होता, आणि तो माझ्या खोट्या आकड्यावर बसला होता.

मी उठून उभा राहिलो.

"सर, अठरा खोटं हाये."

भेंड्या थांबल्या. सरांनी शाल उचलली, पिशव्या पाहिल्या, शाल परत होती तशी ठेवली. मला वाटलं, आता कानाखाली जाळ निघणार. ते ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "गाडी वळवा."

फाट्यावर गाडी उभी केली. बाकीच्यांना ड्रायव्हरच्या हवाली करून वंदनाला सांगितलं, "दर पाच मिनिटांनी आकडा घे. सतरा आणि अठराच्या जागी म्हण, सर आणायला गेलेत." आणि माझं मनगट धरून पायवाटेला लागले.

तो हात मला अजून आठवतो. पार ओला झाला होता. घसरड्या उतारावर कुठेतरी पाचोळा वाजला की ते मला मागे ओढून स्वतः पुढे व्हायचे आणि थांबायचे. त्यांना धाप लागली होती. समोरच्या डोंगरावर ऊन शेंड्यापर्यंत चढलं होतं.

"कुठं गेली, तुला माहीत होतं?"

"व्हय सर. घरी. आई आजारी हाये तिची."

"मग तेच म्हणायचं ना, बाळा. 'अठरा घरी गेली.' मी गाडी तिच्या दारात नेली असती."

ते रागावले नाहीत, याचं मला रडू आलं.

वाडीतल्या टोकाच्या घरात सुमन चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापत होती. शेजारी दोन धाकटी भावंडं थाळ्या घेऊन. कोपऱ्यात गोधडीखाली आई कण्हत होती. पोरगी तोंड बघायला आली होती. दोन दिवसांची विझलेली चूल बघून ती पेटवायला बसली होती. तिला फाट्याची आठवणच राहिली नव्हती.

सर दाराला धरून उभे राहिले. बोट वर केलं.

"आकडा," ते कसेबसे म्हणाले.

सुमनने पिठाचे हात तसेच ठेवून वर पाहिलं.

"अठरा, सर."

सर उंबऱ्यावरच मटकन बसले. पोरांची भाकरी होईपर्यंत ते तिथेच बसून होते. मग वाडीतली चार माणसं गोळा केली, आईला झोळीत घातलं, भावंडांना काकाकडे सोपवलं, आणि आमची सहल पेशंटला घेऊन जुन्नरच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत.

शाळेच्या गेटाशी पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. पालक जमले होते. हेडमास्तर तापले होते. "काय झालं? उशीर का? पोरगी हरवली होती म्हणे?"

मी पुढे झालो. सरांनी हाताने मला मागे सारलं.

"मोजणीत माझी चूक झाली," ते म्हणाले. "आता आकडा बरोबर आहे."

ज्या माणसाची मोजणी उभ्या आयुष्यात चुकली नाही, त्याने गावासमोर हे सांगितलं. पुढची दोन वर्षं त्यांना सहल काढू दिली नाही. 'मोजणीत चुकलेले सर' हे नाव मात्र पडलं ते पडलंच, आणि हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो पोरगा गप्प राहिला. आज तुम्हाला सांगतोय.

निबंध त्यांनी पुन्हा लिहायला लावला. या वेळी महाबळेश्वरला कुणी गेलं नाही. सुमनला पुरवणी लागली.

पुढे मी नोकरीसाठी पुण्यात, तिथून नागपूर, हैदराबाद असा फिरलो. काश्मीरही पाहिलं, थंडी वाजली, तसं पत्राने कळवलं. गावी आलो की सरांना भेटायला जायचो. चहा यायच्या आधी प्रश्न यायचा, "अठरा कुठंय?" त्यामुळे तिची खबर ठेवणं मला भाग होतं. आई बरी झाली. सुमन बारावी झाली. एसटीत कंडक्टर लागली. हे ऐकून सर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "म्हणजे आता ती मोजते!" मग लगेच काळजीने, "आणि तिला कोण मोजतं?"

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी सर गेले. दहाव्याला कुकडीच्या घाटावर आम्ही वीसेकजण जमलो होतो. पिंड मांडले होते. समोरच्या बाभळीवर कावळा बसला होता आणि हलत नव्हता. घरचे एकेक कबुली देत होते. "आईला नीट सांभाळू." "घराचं काम पुरं करू." कावळा ढिम्म.

"राव, ह्यांचा जीव कशात आडकलाय?" कुणीतरी हळूच म्हणालं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ठरवलं कुणीच नाही. पलीकडून आवाज आला, "एक." आणि लगेच, "दोन दुबईला हाये." "तीन." "चार." "पाच चाकणला, आज शिफ्ट सुटली न्हाई." अकरावर जरा थांबावं लागलं. मग दहा म्हणाला, "अकरा ऱ्हायला न्हाई, सर."

माझी पाळी आली. "सतरा," मी म्हणालो. शेजारी सुमन नव्हती. तो जुना गोड 'अठरा' अगदी जिभेच्या टोकावर होता.

"अठरा वाटेत आहे, सर," मी म्हणालो. "ड्युटी उतरून निघाली, नारायणगावात ट्रॅफिकमध्ये अडकली आहे. मला फोन आला होता."

पुढे पोरींचे आकडे झाले. एकोणतीस. तीस नाशिकला. "एकतीस," वंदना म्हणाली. कुकडीच्या पलीकडे जाणारा तो आवाज जेमतेम आमच्यापर्यंत आला.

आता पुढचंही तिनेच सांगायचं होतं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. तिने तोंड उघडलं, मिटलं, पदर तोंडाला लावला. बत्तीस कुठे आहे, ते एकतिसाला सांगता येईना.

त्या शांततेत कावळा कधी खाली उतरला, ते आमच्यातल्या एकानेही पाहिलं नाही.