जांभळं वांगं

एकट्याने गेम बनवणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल गैरसमज असतात. मला दोन होते. एक, कोड लिहिता येतो म्हणजे आपल्याला सगळंच येतं. दुसरा, खान्देशातल्या भरीत पार्टीवरचा आपला गेम जग डोक्यावर घेणार. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांगी करपू न देता भाजायची, ठेचायची आणि पंगत उठायच्या आत वाढायची, एवढाच खेळ.

चित्रं काढायला माझी थोरली बहीण तयार झाली. ती शिंदखेड्याला शाळेत चित्रकला शिकवते. घरात सगळे तिला अक्का म्हणतात. पण तिला चूल काढायची तर आधी चुलीपुढे जाऊन बसायचं असतं. सहा महिन्यांत अकरा चित्रं आली. मला हवी होती दोनशे. मग एका रविवारी जळगावच्या खोलीत मी एआयला कामाला जुंपलं आणि संध्याकाळी दोनशे चित्रं घेऊन मोकळा झालो. अक्काची अकरा त्यांच्यात मिसळेनात, म्हणून ती काढून टाकली. तिला सांगितलं नाही.

आणि चित्रं तरी काय दिव्य! नांगरणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर नवरदेवाचा फेटा, भाकरी थापणाऱ्या बाया पैठणी नेसलेल्या, एका बैलाला तीन शिंगं. वांगी जांभळी. आमच्याकडे भरताचं वांगं हिरवं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ‘हिरवं, मोठं वांगं’ असं बजावून लिहिलं, तर त्या दीडशहाण्या यंत्राने दुधी भोपळा दिला. मी बैलाचं एक शिंग पुसलं आणि वांगी तशीच ठेवली. म्हटलं, कोण बघतंय.

गेम विकायला ठेवताना वेबसाइटने विचारलं, एआयची चित्रं वापरलीत का? वापरणाऱ्यांची लोक कशी सालटी काढतात ते मला ठाऊक होतं. त्यांत मीच पुढे असायचो. मी ‘नाही’वर बोट दाबलं आणि गेमच्या शेवटच्या पाटीवर लिहिलं, ‘चित्रे : अक्का’. वर बहिणीचा मान राखला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. निर्लज्जपणालाही काही सीमा असते म्हणतात, मला ती लागली नाही.

त्या हिवाळ्यात अमळनेरजवळ काकांच्या शेतात खरीखुरी भरीत पार्टी होती. अक्काही आली होती. मी ऐटीत फोन पंगतीत फिरवला. काकांनी, म्हणजे आमच्या नानांनी, ते वांगं निरखलं, शेवटची पाटी वाचली आणि फोन अक्कापुढे धरला.

“पोरी, तू खान्देसनी शे ना? भरीतनं वांगं जांभळं काढं?”

पंगत हसली. शाळेतल्या पोरांना पण हेच शिकवत असेल, असं कोणीतरी म्हणालं. अक्काने फोन हातात घेऊन एकेक चित्र सरकवत पाहिलं. तिचं एकही नव्हतं. शेवटी तिचं नाव आलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. बोलायचं असेल तर मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

“चुकनं मन्हं, नाना,” ती म्हणाली.

लोक पुन्हा हसले. तिने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. आणि मी, भरीत यंदा कसं झकास जमलंय, ते नानांना सांगत बसलो.