वडिलांच्या ताटातलं तूप

वडिलांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी बारावी सायन्सला होते. ते सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाले आणि तूप, लोणी, साय बंद करायला सांगितलं.

आईला ते जड गेलं. तिच्या माहेराहून, सिन्नरकडच्या खेड्यातून, म्हशीच्या तुपाची बरणी यायची. कोरडी भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढताना तिचा हात अडखळायचा. मग मीच तोडगा काढला. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, असं मी पुस्तकात वाचलं होतं.

"वनस्पती तूप आण," मी आईला म्हणाले. "ते तेलापासून करतात. त्यात कोलेस्टेरॉल नसतंच."

तेव्हापासून भाकरीवर तेच, शिऱ्यात तेच. वडिलांना ते आवडायचं नाही.

"टाळूला चिकटतं गं हे."

"पण हृदयाला चांगलं आहे, बाबा."

"मग वाढ. शिकलेली तू आहेस."

अडीच वर्षांनी, पहिल्या पाळीला, ते मशीनपाशीच खाली बसले. सोबतच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. नखांत ऑइल तसंच होतं.

पुढे मी शिक्षिका झाले. दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई आहारावर बोलायला आल्या. म्हणाल्या, "तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवतात, तेव्हा त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं. साजूक तूपही बेतानंच खावं, पण हे त्याहून वाईट."

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि वडिलांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. विड्या ओढायचे का?"

"हो. आणि आजोबाही असेच गेले."

"मग स्वतःला दोष देऊ नका. तेव्हा आम्हीही कुठे सांगत होतो?"

घरी आले. आई मेथी निवडत होती. मला पोटात ठेवता आलं नाही, मी सांगून टाकलं. विड्यांचं सांगितलं, आजोबांचंही. तिनं जुडी खाली ठेवली.

"म्हणजे, साजूक तूप थोडंसं चाललं असतं त्यांना?"

"थोडंसं चाललं असतं, आई."

तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस गं?"

तोवर ती आल्यागेल्याला सांगायची, "मी पथ्याला एक दिवससुद्धा चुकले नाही." आपण आपल्याकडून सगळं केलं, एवढाच तिला आधार होता. त्या दिवसानंतर ती ते वाक्य पुन्हा कधी बोलली नाही.