तीन शिंगांचं डोकं

डायनॉसॉरचं वेड आलं तेव्हा मी बडोद्यात शिल्पकला शिकून नुकतीच बाहेर पडले होते. केबलवर डायनॉसॉर, पोरांच्या दप्तरांवर डायनॉसॉर. पादरा रोडवर सोसायटी बांधणाऱ्या एका बिल्डरलाही फाटकापाशी सिमेंटचा डायनॉसॉर हवा होता. माझं ते पहिलंच मोठं काम.

मी ट्रायसेरॅटॉप्स निवडला. नाकावर आखूड शिंग, कपाळावर दोन लांब, मानेमागे हाडाची रुंद झालर आणि पोपटासारखी चोच. बाबा कोयलीच्या रिफायनरीत वेल्डर. सुट्टीच्या दिवशी त्यांनी अंगणात आधी डोक्यापुरता सळयांचा सांगाडा जोडून दिला. सिमेंट वाळल्यावर ते डोकं माझ्या खांद्याला लागत होतं.

बिल्डर बघायला आला आणि हसत सुटला.

"अरे बेन, आ तो पाडो छे! रेडाच केलात की! याचे दात कुठे आहेत?"

"हा झाडपाला खातो. याला सुळे नसतात."

"पाला खाणाऱ्याकडे कोण बघणार? शिंगं कापा, जबडा फाडा, सुळे लावा."

आई चहा घेऊन आली होती. हळूच म्हणाली, "लाव ना दोन दात. तुझं काय जातंय?"

माझं बरंच काही जात होतं. त्या शिंगांचा बाक साधेपर्यंत मी कितीदा तरी सिमेंट खरवडून काढलं होतं.

"शिंगं राहतील," मी म्हणाले.

"मग ठेवा तुमच्याच घरी." चहा न घेताच तो गेला.

आई काही दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबांनी मात्र फाटकाशेजारी विटांचा ओटा बांधला आणि माणसं लावून डोकं त्यावर बसवलं. लगेच शेजारचे काका आले.

"दारात राक्षस? अपशकुनी दिसतं. काढा ते."

बाबा तोंड उघडायच्या आत आईच पुढे झाली. "राक्षस कसला? गवत खाणारा प्राणी आहे. शिंगं आहेत ती कुणी अंगावर आलं तर! तो इथंच राहील."

काका गेले तशी तिनं पदर खोचला आणि झालरीवरची धूळ पुसायला लागली.

बिल्डरनं दुसऱ्याकडून सुळेवाला करून घेतला. मला पुढे कितीतरी महिने कुणी काम दिलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि संध्याकाळी अंगणात नवा प्राणी सुरू केला. तोही पालाच खाणारा, डोक्यावर नळीसारखा लांब तुरा असलेला. ऑर्डर कुणाची, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "कुणाची नाही. माझा आहे."