डबल बेल

तुमसरच्या बाजारात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. समोरचा माणूस तोंड उघडण्याआधी त्याला क्लच प्लेट हवी की फुकटचा सल्ला, हे मला कळतं, असा माझा तोरा. इश्वर ठवकरांनी तो उतरवला.

इश्वरभाऊ एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी आणि एकही अपघात नाही. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या पत्नी मंगलाबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला भिंती उरल्या, तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी अल्टो घेतली. रोज सकाळी ती पुसायची, सुरू करायची, पाच मिनिटं घुरघुरू द्यायची आणि बंद करायची.

"अहो, चालवा की जरा," मी एकदा म्हणालो.

"कुठी नेऊ? एसटीले पाटी असते भाऊ. नाकाडोंगरी लिवलं का नाकाडोंगरी. इले पाटीच नाही."

मग एके दिवशी त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. हैदराबादच्या पलीकडे कुणीतरी रेसचा ट्रॅक बांधला होता. रोजचीच गाडी आणा, दिवसभर चालवा. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. जानेवारीतल्या एका रविवारसाठी त्यांनी नाव नोंदवूनही टाकलं होतं. मी म्हणालो, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच." ते हसले नाहीत.

"तो रस्ता कुठीच जात नाही भाऊ. फिरून तेथीच येते. कोणी पुसत नाही, कुठी चालले म्हणून."

मग तयारी सुरू झाली. ट्रॅकवाल्यांनी पाठवलेली सूचनांची यादी त्यांनी डेपोच्या परिपत्रकासारखी घडी घालून खिशात ठेवली होती. पहिल्या दिवशी ब्रेक ऑइल नेलं. जुनं ऑइल पाणी धरतं, आणि चाकं तापली की ते पाणी उकळून पेडल मऊ पडतं, हे त्यांनी मलाच समजावलं. दुसऱ्या दिवशी ब्रेक पॅड. तिसऱ्या दिवशी बॅटरी आवळायची पट्टी. चौथ्या दिवशी एक, फक्त एक, होज क्लिप.

मी वैतागलो. "यादी करून एकदम न्या ना. रोज रोज काय हेलपाटे?"

"एकेक काम झालं का समजते," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. त्या स्टुलावर बसता यावं म्हणून ती होज क्लिप होती, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. त्याची मला अजून लाज वाटते.

गाडी रिकामी होत गेली. स्टेपनी निघाली, जॅक निघाला. पायाखाली सरकून पेडलमध्ये अडकू नयेत म्हणून मॅट निघाल्या. मागची अख्खी सीट काढून त्यांनी ओसरीत ठेवली, आणि सकाळचा चहा ते तिच्यावर बसून पिऊ लागले. दारावर पांढऱ्या टेपनं नंबर चिकटवला. त्यांना आपला बिल्ल्याचा नंबर हवा होता, पण दोनच आकडे चालतील असं कळल्यावर त्यांनी शेवटचे दोन घेतले. डावी सीटही काढा, वजन कमी होईल, असं ट्रॅकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे सांगत होते. ती मात्र ते काढेनात.

"तेथी खुशाल बसते," म्हणाले.

खुशाल म्हणजे त्यांचा कंडक्टर. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. चौदा वर्षं दोघं एका गाडीवर होते. नाकाडोंगरीच्या मुक्कामी गाडीत एकाच डब्यातलं खाल्लेलं. ड्रायव्हरची पाठ माणसांकडे आणि तोंड रस्त्याकडे. मागे कोण चढलं, कोण उतरलं, ते त्याला घंटीवरून कळायचं. एक बेल, थांब. दोन बेल, चल. "डबल बेल झाल्याबिगर मी गाडी कधी हलवली नाही," इश्वरभाऊ सांगायचे, "डेपो मॅनेजर पुढं उभा असला तरी."

ट्रॅकचं ऐकून खुशाल फोनवर म्हणाला होता, "येतो ना बे. मी नाही आलो त तुले बेल कोन देईन?" त्या एका वाक्यावर सगळी तयारी चालली होती. हेल्मेटही त्यांनी दोन आणली होती.

रविवारला आठ दिवस राहिले, तेव्हा खुशालच्या डोक्याला हेल्मेट बसतं का पाहायला ते कोंढ्याला गेले. अंगणात मांडवाच्या बल्ल्या पडल्या होत्या. नातीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, त्याच रविवारी.

"तू खरंच जाऊन राहिला काय गा?" खुशाल म्हणाला. "मले त वाटलं मजाक आहे."

मग त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. सगळं घर पोट धरून हसलं, फोटो निघाले. पोहे झाले, चहा झाला. साक्षगंधाला येण्याचा आग्रहही झाला. हेल्मेट मांडीवर ठेवून इश्वरभाऊ अंधार पडायच्या आत तुमसरला परतले.

दुसऱ्या दिवशी दुकानात हे सगळं सांगून म्हणाले, "त्याचा काही दोष नाही. घर भरलेलं आहे त्याचं. चौदा वर्षाचा पाना द्या, डावी सीट काढतो."

चौदा वर्षं म्हणाले ते. त्यांना चौदा नंबरचा पाना हवा होता. मी दुरुस्त केलं नाही.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, मी येतो. तीन दिवस दुकान बंद राहिलं असतं तर तुमसरचे ट्रक काही जागेवर उभे राहिले नसते. मी म्हणालो, "सीटचे बोल्ट डबीत ठेवा, हरवतील."

ते एकटेच गेले. शनिवारी पहाटे निघाले, सोमवारी संध्याकाळी परतले. मंगळवारी स्टुलावर येऊन बसले तेव्हा मी चहा मागवला आणि, देवाशप्पथ, या वेळी काम बाजूला ठेवून ऐकलं.

सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी होतं, म्हणाले. कोणाची बायको, कोणाचे मित्र टायरची हवा पाहायला. ह्यांनी स्वतःच हवा पाहिली, स्वतःच बॉनेट लावलं, रांगेत लागले. पुढच्या गाड्या एकेक करून सुटल्या. ह्यांची पाळी आली आणि हिरवा झेंडा हलला. ह्यांची गाडी उभीच.

"काहून?"

"बेल नाही झाली ना भाऊ."

झेंडेवाला ओरडला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. इश्वरभाऊंनी सवयीनं आरशात पाहिलं. मागे नुसता पत्रा होता. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आपल्याच टपावर दोनदा थापटलं आणि क्लच सोडला.

पुढे फजितीच झाली. प्रत्येक वळणावर त्यांनी हॉर्न दिला. मागून येणाऱ्याला हात दाखवून साइड दिली. ट्रॅकवाल्यांनी आत बोलावून समज दिली तेव्हा "साइड नाही द्यायची त काय करायचं?" असं ह्यांनी त्यांनाच विचारलं. सगळ्यांत हळू गाडी ह्यांची. ब्रेक लागतच नव्हता, म्हणजे ब्रेक ठणठणीत होता, पाय लागत नव्हता. एकतीस वर्षं उभ्या माणसाचा तोल जाऊ नये असा ब्रेक मारलेला पाय तो. शेवटी ट्रॅकवर शिकवायला ठेवलेला तरुण खिडकीत वाकून म्हणाला, "काका, जोर से दबाओ. पीछे कोई नहीं है."

हे सांगून इश्वरभाऊ कप हातात नुसता फिरवत राहिले. चहावर साय धरली.

"मग दाबला?"

"दाबला. मस्त थांबली गाडी. कोणीच पडलं नाही."

त्यांनी दुसरं हेल्मेट माझ्या काउंटरवर ठेवलं. "कोणाले पायजे असन त देऊन टाका." आणि उठले. बाहेर अल्टो उभी होती, दारावर अजून ते दोन आकडे. ते बसले, सुरू केली, पण गाडी जागची हलेना. मला वाटलं, काही विसरले. मग कळलं ते कशाची वाट पाहताहेत. मी हातातलं बेअरिंग खाली ठेवलं आणि काउंटरला वळसा घालून पायरीपर्यंत धावलो.

तोवर त्यांचा हात खिडकीतून वर गेला होता. टपावर दोनदा थाप पडली आणि गाडी निघाली.